चाचणीची वेळ कुणाच्या सोयीची?

अमेरिकेतल्या रेडिओ केंद्रांसाठी असलेल्या नियमावलीत एक तरतूद थेट पंचांगातून उचलल्यासारखी वाटते. आपत्कालीन इशारा यंत्रणेची मासिक चाचणी विषम महिन्यांत, म्हणजे जानेवारी, मार्च, मे अशा, सकाळी साडेआठ ते स्थानिक सूर्यास्त या वेळात घ्यायची. सम महिन्यांत ती सूर्यास्तापासून सकाळी साडेआठपर्यंत केव्हाही. शिवाय दर आठवड्याला एक छोटी चाचणी, आणि तिला मुद्दामच ठरलेला वार नाही की ठरलेली वेळ नाही. ज्या आठवड्यात मासिक चाचणी होते त्या आठवड्यात छोटीला सुट्टी. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, हे सगळं केंद्रांवर बंधनकारक केलं आहे.

नियम असा मोकळा ठेवला की त्यातली कुठली वेळ निवडायची हे ज्याच्या त्याच्या सोयीवर जातं. केंद्र चालवणाऱ्यांची सोय कुठे असते हे सांगायला नको. ऐकणारे सगळ्यात कमी असतील तेव्हा उरकून टाका, जाहिरातीत व्यत्यय नको, श्रोत्याने बटण फिरवून दुसरं केंद्र लावायला नको. पहाटे तीन ही वेळ त्यामुळे फार लाडकी. माझं म्हणणं असं की चाचणीची वेळ ठरवताना श्रोत्यांची संख्या हा प्रश्नच दुय्यम आहे. संकट कोणत्या वेळी आलं तर यंत्रणा तोंडघशी पडेल, आणि पडली तर ते कुणाच्या लक्षात येईल, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत. पहाटे तीनची चाचणी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते असं वाटतं खरं. दुसऱ्याचं मुळीच देत नाही.

चाचणीत नेमकं काय होतं ते आधी पाहू. केंद्रातल्या उपकरणांच्या कपाटात एक पसरट डबा बसवलेला असतो. तो ऐकतोही आणि बोलतोही. प्रत्येक केंद्राने किमान दोन ठिकाणांकडे सतत कान लावून ठेवायचा असा दंडक आहे. ही ठिकाणं म्हणजे सहसा त्या भागात नेमून दिलेली मोठी केंद्रं, किंवा हवामान खात्याची स्वतंत्र रेडिओ सेवा. तिकडून संदेश आला की डबा तो ओळखतो. संदेशाच्या सुरुवातीला एक खरखर तीनदा वाजते. आपल्याला ती नुसती कर्कश वाटते, पण तिच्यात सगळा मजकूर भरलेला असतो : इशारा कुणी दिला, कशाबद्दल, कुठल्या काउंटीसाठी, किती वेळ लागू, कधी निघाला, कुठल्या केंद्राने पुढे पाठवला. मोठ्या इशाऱ्यात त्यानंतर ८५३ आणि ९६० हर्ट्झचे दोन सूर एकदम वाजतात, निदान आठ सेकंद. हे दोन सूर एकमेकांशी अजिबात जमत नाहीत, आणि माणूस दचकतो तो त्यामुळेच. मग माणसाचा आवाज, आणि शेवटी संदेश संपल्याची खूण, तीही तीनदा. साप्ताहिक चाचणीत सूर नसतात, आवाज सक्तीचा नसतो. सुरुवातीची खरखर आणि शेवटची खूण एवढंच. काही सेकंदांत संपतं.

डब्याने काय ऐकलं आणि काय पाठवलं याची नोंद होते. केंद्राच्या मुख्य ऑपरेटरने आठवड्यातून एकदा नोंदवही पाहून तारखेसह सही करायची. ज्या केंद्राकडे कान लावलेला आहे त्याची साप्ताहिक चाचणी नोंदीत दिसली नाही, तर ती का पोचली नाही याचा शोध घेऊन तेही लिहायचं. ही सही म्हणजे या सगळ्या व्यवस्थेचा कणा आहे, असं मला वाटतं. कारण डबा खरखर वाजवतो तेव्हा फक्त डबा तपासला जातो. दोन केंद्रांमधला दुवा तुटला आहे का, हे कळतं ते कुणीतरी नोंद वाचल्यावरच.

आणखी एक विसंगती आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. राष्ट्राध्यक्षांचा देशव्यापी संदेश प्रसारित करणं केंद्रांना सक्तीचं आहे, आणि चाचण्याही सक्तीच्या आहेत. पण वादळ, पूर, रासायनिक गळती यांचे स्थानिक इशारे प्रसारित करणं ऐच्छिक आहे. राष्ट्राध्यक्षांच्या संदेशासाठी ही यंत्रणा आजवर एकदाही खरोखर वापरावी लागलेली नाही. म्हणजे जे कधी घडलं नाही त्याची तालीम सक्तीची, आणि जे दर मोसमात घडतं ते केंद्राच्या मर्जीवर. बहुतेक केंद्रं स्थानिक इशारे देतात, जबाबदारीने देतात. तरी ही रचना लक्षात ठेवलेली बरी. ऐच्छिक कामाची शिस्त सक्तीच्या चाचणीतूनच येणार असेल, तर ती चाचणी कशीबशी उरकलेली परवडत नाही.

आता तो सूर्यास्त. नियम करणाऱ्यांनी रात्र-दिवस अशी ढोबळ विभागणी न करता सूर्यास्ताची रेघ का ओढली असेल? मला याचं उत्तर रेडिओच्या भौतिकशास्त्रात दिसतं. एएम प्रक्षेपणाच्या लहरी दिवसा जमिनीलगत जातात आणि ठरावीक अंतरावर विरतात. सूर्य मावळला की वातावरणाच्या वरच्या थरात बदल होतो आणि त्याच लहरी तिथून परावर्तित होऊन शेकडो मैलांवर उतरतात. पूर्वी आपल्याकडे रात्री रेडिओ लावला की दूरदूरची केंद्रं एकमेकांत मिसळून ऐकू यायची, त्याचं कारण हेच. अमेरिकेत त्यामुळे अनेक एएम केंद्रांना सूर्यास्तानंतर आपली शक्ती कमी करावी लागते, प्रक्षेपणाची दिशा बदलावी लागते, काहींना तर बंदच व्हावं लागतं. जे छोटं केंद्र दुपारी दोन वाजता आपल्या नेमलेल्या मोठ्या केंद्राचा संदेश स्वच्छ ऐकतं, त्याच्या डब्याला रात्री नऊ वाजता कदाचित दुसऱ्याच राज्यातलं संगीत ऐकू येत असेल. दुपारच्या शंभर चाचण्या घेतल्या तरी हे कळणार नाही. म्हणून वर्षातले सहा महिने सूर्यास्तानंतरच्या वेळात चाचणी घेण्याची सक्ती योग्यच आहे, आणि साप्ताहिक चाचणीची वेळ बदलती ठेवण्याची सक्ती त्याहून योग्य.

वेळ ठरलेली असली की काय होतं याचा धडा अमेरिकेने १९७१ साली घेतला. तेव्हा या यंत्रणेचं नाव वेगळं होतं, रचना जुनी होती, पण कल्पना तीच. शनिवारी सकाळी ९ वाजून ३३ मिनिटांनी तारयंत्रावरून चाचणीचा संदेश सगळ्या केंद्रांना जायचा. २० फेब्रुवारीच्या शनिवारी, नेमक्या त्याच मिनिटाला, कोलोरॅडोतल्या शायेन पर्वताखालच्या लष्करी केंद्रातून चाचणीऐवजी खऱ्या आणीबाणीची टेप लावली गेली. संदेशासोबत त्या दिवसाचा खरा सांकेतिक शब्दही होता. केंद्रांनी पाकीट फोडून तो पडताळायचा आणि चालू कार्यक्रम थांबवून राष्ट्रीय आणीबाणी जाहीर करायची, असा नियम. इंडियानातल्या फोर्ट वेन इथल्या डब्ल्यूओडब्ल्यूओ केंद्रावर बॉब सीव्हर्स या निवेदकाने नियम पाळला, चालू गाणं मध्येच थांबवलं आणि आणीबाणीची घोषणा केली. देशभरातल्या असंख्य केंद्रांनी मात्र काहीच केलं नाही. काहींनी संदेश पाहिलाच नाही. काहींनी पाहिला आणि घड्याळाकडे नजर टाकून ठरवलं, की हे शनिवारचं नेहमीचंच आहे. आदेश रद्द करायला सुमारे चाळीस मिनिटं लागली.

या प्रसंगावर लिहिणारे बहुतेक जण चुकीच्या टेपबद्दल बोलतात. मला ती टेप तितकी महत्त्वाची वाटत नाही. माणूस आहे, चुकणारच. खरी गोष्ट अशी की त्या दिवशी संदेश खरा असता तरीही बहुतेक केंद्रं तशीच गप्प राहिली असती. ठरलेल्या वेळेच्या चाचणीने त्यांना इतकंच शिकवलं होतं, की शनिवारी साडेनऊला येतं ते खोटं असतं. चाचणी वर्षानुवर्षं ‘यशस्वी’ होत होती आणि तीच यंत्रणेला आतून पोखरत होती.

मग ठरलेल्या वेळी चाचणी घेऊच नये का? तसं नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याची रेडिओ सेवा आपली साप्ताहिक चाचणी अनेक ठिकाणी बुधवारी सकाळी अकरा ते बारा या वेळात घेते. तिथे वेळ ठरलेली असणंच सोयीचं. कारण ती चाचणी घराघरांत ठेवलेल्या हवामान रेडिओसाठी आहे. बुधवारी अकराला तुमचा रेडिओ वाजला नाही तर बॅटरी संपली आहे किंवा त्याची जुळणी बिघडली आहे, हे तुम्हाला तिथल्या तिथे कळतं. कधी वाजणार हेच माहीत नसेल तर न वाजल्याचं कळणार कसं? एकाच नावाखाली आपण तीन निरनिराळ्या चाचण्या घेतो आणि घोटाळा तिथून सुरू होतो. एक चाचणी यंत्राची आणि दुव्याची, तिची वेळ कुणालाच आधी माहीत नसावी. दुसरी ऐकणाऱ्यांची, तिची वेळ सगळ्यांना पाठ असावी. तिसरी चाचणी त्या दोघांच्या मध्ये बसलेल्या माणसांची. पोलीस ठाण्यातला ड्यूटीवरचा शिपाई, काउंटीचा आपत्ती अधिकारी, केंद्रातला रात्रपाळीचा एकुलता एक कर्मचारी. हिच्याबद्दल नियम जवळजवळ गप्प आहे.

मायनॉट हे नॉर्थ डकोटातलं शहर या तिसऱ्या चाचणीचं उदाहरण आहे. १८ जानेवारी २००२ च्या रात्री दीडच्या सुमारास शहराच्या कडेला मालगाडी घसरली. टाक्या फुटल्या आणि निर्जल अमोनियाचा ढग कडाक्याच्या थंडीत घरांवर पसरला. एकाचा मृत्यू झाला, शेकडो लोकांना इजा झाली. पोलिसांनी नेमून दिलेल्या रेडिओ केंद्राशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला आणि तो जमला नाही. आपत्कालीन यंत्रणेतून इशारा गेलाच नाही. शहरातली बहुतेक व्यापारी केंद्रं तेव्हा एकाच कंपनीच्या मालकीची होती आणि रात्री मुख्यतः यंत्रावर चालत. केंद्रात फोन उचलायला माणूस होता की नव्हता, पोलिसांना यंत्रणा वापरता येत होती की नव्हती, यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. तो निकाली काढणं माझं काम नाही. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं इतकंच, की पोलीस ठाण्यापासून केंद्रापर्यंतचा हा पहिला दुवा साप्ताहिक चाचणीत कुठेच येत नाही. डबा डब्याशी बोलतो. शिपाई कुणाशी बोलतो हे चाचणी विचारत नाही.

इथे पहाटे तीनच्या चाचणीचं पितळ उघडं पडतं. केंद्रवाले म्हणतील, आम्ही रात्रीच तर चाचणी घेतो. घेता, पण कशी? संगणकाला वेळ नेमून दिलेली असते, डबा दोन गाण्यांच्या मधल्या फटीत खरखर वाजवतो, नोंद होते आणि इमारतीत त्या वेळी चिटपाखरू नसतं. ही यंत्राने यंत्राला घातलेली साद झाली. मासिक चाचणीला तर आणखी एक सवलत आहे : ती आल्यावर साठ मिनिटांच्या आत पुढे पाठवली की पुरे. ही सवलत जाहिरातींच्या वेळापत्रकासाठी समजण्यासारखी आहे. पण चक्रीवादळ कार्यक्रमातली सोयीची जागा शोधत बसत नाही, आणि तासाभराने पुढे पाठवलेल्या चाचणीवरून केंद्र दोन मिनिटांत काय करेल याचा काहीच अंदाज बांधता येत नाही.

संकटं रात्री येतात असं म्हणणं अंधश्रद्धेसारखं वाटेल. ती कधीही येतात. रात्री आलेली जास्त माणसं मारतात, इतकं मात्र खरं. टेक्सासमध्ये ४ जुलै २०२५ च्या पहाटे ग्वाडालूप नदीला पूर आला तेव्हा कर काउंटीसाठी अचानक पुराचा इशारा रात्री १ वाजून १४ मिनिटांनी निघाला होता. सुट्टीची रात्र, नदीकाठची शिबिरं, झोपलेली मुलं. त्या पुरात राज्यात १३० हून अधिक माणसं गेली. इशारा निघणं, तो पोचणं आणि तो ऐकून कुणीतरी उठणं या तीन घटनांमध्ये रात्री किती अंतर पडतं याचं याहून विदारक उदाहरण अलीकडच्या काळात नाही. आपल्यालाही हे नवं नाही. कोयनेचा भूकंप पहाटे झाला, किल्लारीचाही पहाटेच, भोपाळची वायुगळती मध्यरात्री. भूकंपाचा इशारा तेव्हा शक्य नव्हता, भोपाळला होता. तिथे कारखान्याचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. बाहेरच्या वस्तीला उगाच घाबरवायचं नाही ही कारखान्याची रीत होती.

मधल्या माणसांचीही चाचणी हवी, या मुद्द्यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो हवाईने पुराव्यासकट मांडला आहे. माणसांची परीक्षा न सांगता घ्यायची तर १३ जानेवारी २०१८ ची सकाळ आठवा. राज्याच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयात रात्रपाळीच्या पर्यवेक्षकाने पाळी बदलताना अचानक तालीम घ्यायचं ठरवलं. तालमीच्या ध्वनिफितीत हा सराव आहे असंही होतं आणि हा सराव नाही असंही होतं. दिवसपाळीच्या कर्मचाऱ्याला ते खरं वाटलं आणि ८ वाजून ७ मिनिटांनी क्षेपणास्त्र येत असल्याचा इशारा राज्यभर फोन, रेडिओ आणि टीव्हीवर गेला. दुरुस्तीचा संदेश ३८ मिनिटांनी आला. आईबापांनी मुलांना न्हाणीघरात, गटारांत उतरवल्याच्या बातम्या तेव्हा जगभर गेल्या.

या आक्षेपाला माझं उत्तर अर्धं मान्य आणि अर्धं अमान्य असं आहे. पाळी बदलण्याची वेळ चुकीची, हे मान्य. जाणारा मनाने घरी पोचलेला असतो, येणाऱ्याचं लक्ष अजून लागलेलं नसतं, आणि तालीम कुणासाठी आहे याबद्दल दोन पर्यवेक्षकांची समजूत वेगवेगळी असू शकते. तिथे तशीच होती. पण न सांगता घेतलेली तालीम हेच पाप, हे अमान्य. चौकशीत दिसलं ते असं, की खरा इशारा एकटा माणूस पाठवू शकत होता, दुसऱ्याची संमती लागत नव्हती, आणि चुकीचा गेल्यावर तो मागे घेण्याचा तयार मसुदा नव्हता. या तिन्ही गोष्टी शांतपणे, दुपारी, चहा पिताना दुरुस्त करता आल्या असत्या. अचानक तालमीने त्या उघड्या पाडल्या, तेही फार महाग किंमत घेऊन. अशा तालमीत खरा इशारा पाठवणाऱ्या पडद्याला हातच लावायचा नाही. तिने फोन तपासावा, माणूस तपासावा, निर्णय तपासावा.

ऐकणाऱ्यांच्या चाचणीकडे वळू, कारण तिथे अमेरिकेपेक्षा जपानकडून शिकण्यासारखं जास्त आहे. जपानमध्ये गावोगावी ध्वनिक्षेपकांच्या खांबांवरून संध्याकाळी, बहुतेक ठिकाणी पाच वाजता, एक छोटी धून वाजते. मुलांना ती घरी परतायची वेळ सांगते आणि नगरपालिकेला ध्वनिक्षेपक चालू आहेत हे सांगते. एनएचके ही सार्वजनिक प्रसारण संस्था आपल्या आपत्कालीन संकेताची चाचणी बहुतेक महिन्यांच्या एक तारखेला दुपारी १२ ला एक मिनिट कमी असताना घेते. दोन्हींत एक शहाणपण आहे : चाचणी माणसांच्या दिनक्रमात विरघळवून टाकली की ती कटकट राहत नाही. गिरणगावात एके काळी भोंग्यावर घड्याळं लावली जायची. एखाद्या दिवशी तो वाजला नसता तर सांगायला निरीक्षक लागला नसता, सगळ्या चाळी बोलल्या असत्या.

पण दिनक्रमात विरघळलेल्या आवाजाला लोक स्वतःच अर्थ देतात, आणि तो घट्ट बसतो. हवाईत भोंग्यांची चाचणी दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी पावणेबाराला होते. किनाऱ्यावरच्या लोकांच्या मनात भोंगा म्हणजे त्सुनामी, आणि त्सुनामी म्हणजे डोंगराकडे पळा. ८ ऑगस्ट २०२३ ला माउईवर लहायना पेटलं तेव्हा भोंगे वाजवलेच गेले नाहीत. लोक डोंगराकडे, म्हणजे आगीकडे धावतील अशी भीती वाटली, असं तिथल्या आपत्ती प्रमुखांनी नंतर सांगितलं आणि लवकरच पद सोडलं. शंभराहून अधिक माणसं गेली. भोंगे न वाजवणं मला पटत नाही. पण चाचणीचा आवाज वर्षानुवर्षं एकच गोष्ट शिकवत असेल तर ऐनवेळी तो दुसऱ्या कामाला येत नाही, हे मात्र पटतं. रेडिओची ताकद नेमकी इथे आहे. भोंगा नुसता ओरडतो. रेडिओ ओरडून झाल्यावर कुठे जायचं तेही सांगतो. म्हणून मासिक चाचणीत माणसाचा आवाज ऐकू यायला हवा आणि लोक जागे असताना ऐकू यायला हवा. पहाटे तीनला ते शब्द कुणी ऐकत नाही. तीच चाचणी सूर्यास्तानंतर तासाभराने घेतली तर लहरींचं रात्रीचं वागणंही तपासलं जातं आणि स्वयंपाकघरातला रेडिओही. सम महिन्याच्या नियमात सकाळची सव्वाआठची वेळही बसते. कामाला निघालेला अर्धा देश तेव्हा गाडीत रेडिओ ऐकत असतो. मासिक चाचणीचं वेळापत्रक आखणाऱ्या राज्यांच्या समित्यांनी ही वेळ अधूनमधून निवडायला हवी. जाहिरातदार कुरकुर करतील. करू द्यावी.

चाचणी कधी घेऊ नये, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खरं संकट घोंघावत असताना नाही. हवामान खात्याची बुधवारची चाचणी त्या दिवशी वादळाचा धोका असला तर पुढे ढकलली जाते. २०१८ ची देशव्यापी चाचणी २० सप्टेंबरला ठरली होती. फ्लोरेन्स चक्रीवादळाचं मदतकार्य चालू असल्याने ती ३ ऑक्टोबरला नेली. हा संयम आपल्याकडे दिसला नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी, बचावपथकं चिखलातून वर चढत असताना, महाराष्ट्रातल्या अनेक मोबाईलवर मोठ्या आवाजात आपत्कालीन संदेश वाजला. तो दूरसंचार विभागाचा नमुना संदेश होता, दुर्लक्ष करा असं त्यातच लिहिलेलं होतं. वेळापत्रक आधी ठरलेलं असणार, कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण राज्य मुसळधार पावसात आणि शोकात असताना ‘आपत्ती’ या शब्दाखाली ‘दुर्लक्ष करा’ असं सगळ्यांना सांगणं, याहून वाईट धडा कुठली चाचणी देईल? आभाळ भरलेलं असेल तर चाचणी पुढे, एवढा एक ओळीचा नियम पुरला असता.

आपल्याकडे ही यंत्रणा मुख्यतः मोबाईलवर उभी राहते आहे. रेडिओचा वाटा तिच्यात काय असावा, हा स्वतंत्र लेखाचा विषय. पण टॉवर पडतो, वीज जाते, फोनची बॅटरी संपते, आणि तेव्हा पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओच उरतो. ज्यांना मोबाईल संदेशांच्या चाचण्यांचं वेळापत्रक आखायचं आहे त्यांनी अमेरिकन रेडिओचा हा सत्तर वर्षांचा अनुभव वाचावा, चुकांसकट.

अमेरिकेबद्दल मला जे हवं आहे ते फार नाही. साप्ताहिक चाचणी एकाच तासात पुन्हापुन्हा लावणाऱ्या केंद्राला जाब विचारावा. वेळ अनियमित असावी असं नियम म्हणतो आणि पहाटे तीन हा अनियमितपणा नव्हे. वर्षातून दोनदा तरी काउंटीच्या अधिकाऱ्याने रात्री केंद्राला फोन करावा, काहीही प्रसारित न करता, आणि किती घंटांनंतर कुणी उचलला ते लिहून ठेवावं. कुणीच उचलला नाही तर तेही लिहावं आणि ते एफसीसीपर्यंत जावं. फोनला खर्च येत नाही. मायनॉटला त्या रात्री नेमका तोच लागला नाही.

आणि एक मोठी मागणी. देशव्यापी चाचणी पहिल्यांदा ९ नोव्हेंबर २०११ ला झाली. तोपर्यंत ही व्यवस्था या ना त्या नावाने निम्म्या शतकाहून अधिक काळ चालू होती आणि संपूर्ण साखळी एकदाही ओढून पाहिलेली नव्हती. ओढल्यावर दोष भरभरून निघाले : कित्येक केंद्रांना संदेश मिळाला नाही, कित्येकांना मिळाला पण पुढे गेला नाही, आणि आवाज इतका घोगरा की शब्द कळेनात. त्यानंतर २०१६, २०१७, २०१८, २०१९, २०२१ आणि २०२३ अशा आणखी सहा चाचण्या झाल्या, सुधारणाही झाल्या. या सातही चाचण्या बुधवारी झाल्या. सातही पूर्वेकडच्या घड्याळाने दुपारी दोन ते अडीचच्या दरम्यान, जेवणं आटोपून सगळे तंत्रज्ञ खुर्चीत बसलेले असताना, महिनोन् महिने आधी जाहीर करून. त्या वेळात हवाईतही सकाळ असते, अलास्कातही उजेड असतो. एएम लहरींच्या रात्रीच्या गोंधळात ही साखळी टिकते की नाही, हे देशपातळीवर अजून कुणी पाहिलेलं नाही. कायद्याने तीन वर्षांत एकदा तरी ही चाचणी घ्यावीच लागते. पुढची एखादी फेमाने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने, नोव्हेंबरात शनिवारी, पूर्वेकडच्या वेळेनुसार रात्री नऊला घ्यावी. पूर्व किनाऱ्यावर काळोख पडून काही तास झालेले असतील, पश्चिमेकडे संध्याकाळचे सहा वाजून नुकताच अंधार झालेला असेल, लोक जागे असतील, आणि केंद्रांमध्ये फक्त तीच माणसं असतील जी खऱ्या संकटाच्या रात्री असतात.